चौदा इंच

मुहर्रकच्या या बोळात गाडी शिरत नाही.
टेप, लेव्हल आणि अर्जाची फाईल
काखेत मारून मी चालत येतो.
फिद्दाबाई दारातच, खुर्चीची चाकं अडवून बसलेल्या.
डावा पाय साखरेनं नेला, गुडघ्याखालून.
"ये, बरशुराम," म्हणतात.
त्यांच्या अरबीत प नाही.
विमानतळावर उतरलो त्या दिवशीच
माझा परशु गेला.

दोन पायऱ्या. मोजल्या: चौदा इंच.
इंचाला एक फूट उतार, हा नियम.
म्हणजे चौदा फूट.
बोळ नऊ फुटांचा.

मदतीच्या कागदावर सगळं आहे:
दार बत्तीस इंचांचं करणे,
न्हाणीत दोन दांडे, पाठीमागे एक,
खरबरीत फरशी, पाणी उतरेल अशी.
रंग धरलेला नाही.
फिद्दाबाईंनी आठ महिने
पावसाळी छत्रीसारखा जपलाय तो कागद,
इथं पाऊस नसताना.
आणि दोन वर्षं त्या न्हाणीत जातात
मुलगा अदनान कामावरून आला की.
हे अर्जात एका ओळीत आहे.
ओळ मीच लिहिली, त्यांनी सांगितलं
भिंतीकडे बघत.

उतार सरळ जाईना, तर वळवायचा,
भिंतीला धरून, शेजारच्या दारापुढून.
शेजारच्याची सही लागेल.

शेजारी मन्सूर. अकरा वर्षं अबोला.
एसीचं पाणी कुणाच्या भिंतीवर पडतं, यावरून.
मी बेल वाजवली. त्यानं कागद वाचला,
मग चपला काढल्या
आणि अनवाणी पावलांनी मोजत गेला
आपल्या दारापासून तिच्या दारापर्यंत,
भर उन्हात, तापल्या फरशीवर.
"माझी पायरी बुजेल?"
बुजेल.
"गॅसचं सिलिंडर या उतारावरून ढकलत येईल?"
येईल.
"मग रुंद कर. चार फूट."
सही केली. तिच्याकडे पाहिलं नाही.
तिनंही खुर्ची वळवून घेतली, आत.
भांडण शाबूत आहे.
आता त्यालाही उतार असेल.

संध्याकाळी खोलीवर, बनियनवर,
मी माझ्या घराचा फोटो काढला मोबाईलवर.
गुहागरच्या अलीकडे, रस्त्याला लागून,
या वाळूतल्या सोळा वर्षांनी बांधलेलं.
जोतं मी उंच घेतलं. गवंडी म्हणाला होता
तीन पायऱ्या पुरे, पाणी काही एवढं येत नाही.
मी म्हटलं, पाच कर. दिसायला पायजे.
दिसतं.
आबा आतल्या कॉटवरून दिसणारं दार बघतात,
उजवी बाजू गेल्यापासून, तीन वर्षं.
खळ्यात आले नाहीत.
मी फोनवर विचारायचो, जेवले का?
जेवले, म्हणायची बायको. तेवढ्यावर फोन ठेवायचो.

हजारभर घरांच्या उंबऱ्यांना टेप लावणारा मी.

तिकडे फाईल घेऊन कोणी येणार नाही.
मंजूर करणारा मी, नामंजूर करणारा मीच,
सोळा वर्षांचा.
पोरीला फोन लावला: पायरी मोज.
टेप सापडेना, वितीनं मोजली तिनं.
"एक वीत नि थोडी."
तुझी वीत केवढी गं?
पट्टी आणून हात मोजला आधी.
सहा. आणि थोडी म्हणजे एक.
पाच साते पस्तीस.

पस्तीस फूट.

मागून आबांचा आवाज, अर्ध्या तोंडाचा:
"घर बसकं करू नको माझ्यापायी."
बसकं नाही होत, आबा.
फक्त येता येतं.
ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

खळं अठ्ठावीस फुटांचं.
पुढचे सात बाबल्याच्या हद्दीत.
चुलतभाऊ. दावा चालू आहे,
एका फणसाच्या मुळावरून.

उद्या शुक्रवार, सुट्टी.
फोन करीन त्याला.
दाव्याचं काढणार नाही.
सिलिंडर घरात कुठून नेतोस रे,
हे विचारीन आधी.